कोठ्यात बसून गायलेलं गाणं

"तणशीवर बसू नोको. गाय खाते ते."

त्या घरच्या म्हातारीनं माझ्याशी बोललेलं हे पहिलं वाक्य. नाव विचारलं नाही. किती चालून आलीस, पाणी पाहिजे का, काही नाही. मी खाली बघितलं. गुरांच्या कोठ्यात माझ्या पायाशी धानाची वाळलेली तणस पसरली होती. मी बसले असते तर तणस बाटली असती. ती तणस गाईनं खाल्ली असती. मग त्या गाईचं दूध म्हातारीच्या देवाला चाललं नसतं. एवढ्या लांबचा विचार त्या बाईनं एका दमात केला होता. मोठ्या घरच्या माणसांना असले विचार पटकन सुचतात.

मी सरकले. तणशीच्या पलीकडे ओल्या शेणाचा पट्टा होता. तिथं बसायला हरकत नव्हती. शेण बाटत नाही.

"आता म्हन," म्हातारी म्हणाली. "त्या झरोक्याकडं तोंड करून म्हन. मोठ्यानं."

गाव आंधळगाव. घर धानाच्या व्यापाऱ्याचं, गावातलं सगळ्यात उंच. आणीबाणी उठून वर्ष झालं असेल. मी पंचविशीतली होते आणि मिशनच्या दवाखान्यात बायबलबाई होते. बायबलबाई म्हणजे बायकांच्या वॉर्डात बसून त्यांना येशूच्या गोष्टी सांगणारी, गावोगाव पायी फिरणारी, मिशनची पगारी बाई. एक पिशवी, एक छत्री, एक पुस्तक. खंजेरी माझी स्वतःची. बापाची.

माझा बाप करडी गावचा. मांग. लग्नात डफडं वाजवायचा, मांडवाच्या बाहेर उभा राहून. मांडवात नवरी नाचायची ती त्याच्या डफावर, पण त्याची पंगत उकिरड्याजवळ. एका वर्षी त्यानं बाप्तिस्मा घेतला. त्या वेळच्या पादऱ्यानं पहिली अट घातली, डफडं सोड, ते सैतानाचं. बापानं सोडलं. खंजेरी ठेवली, कारण ती भजनात चालते म्हणे. त्याला वाटलं, आता आपल्याला आत घेतील. मिशनच्या देवळात घेतलं. मागच्या बाकावर. गावात होतं तसंच राहिलं.

मी मिशनच्या शाळेत चौथीपर्यंत शिकले. सोळाव्या वर्षी लग्न झालं. नवरा कोळशाच्या खाणीकडे कामाला गेला, तो तिकडेच राहिला. त्याचं एक लेकरू माझ्याजवळ होतं, तेही दीड महिन्याचं होऊन गेलं. मी आठ दिवस बोंबलून रडले. मला कोणी गप बस म्हटलं नाही. आमच्या वस्तीत तेवढी सूट असते. त्या आठ दिवसांत मी एक गाणं केलं. केलं म्हणजे काय, रडता रडता तोंडातून आलं, पुन्हा पुन्हा आलं, मग पाठ झालं.

रड वं मरीयामाय, रड,
तुह्या लेकाले खिळे मारले.
जग म्हणते मुकी राह्य,
तुह्या पोटाले कोनं इचारले?

तीन दिवसानं उठला तो,
पर तीन दिवस माय रडलीच ना?
देवाच्या मायले रडू देल्लं,
मंग तुले काहून मना?

पुढे दवाखान्यात वॉर्डाची फरशी पुसताना मी हे म्हणायची. ज्यांची लेकरं गेली अशा बाया तिथं भिंतीकडे तोंड करून पडलेल्या असायच्या. गाणं ऐकून एखादी रडायची. रडली की झोपायची. झोपून उठली की भात मागायची. नर्सबाईनं हे पाहिलं आणि मला म्हणाली, तू फरशी सोड, गाणी म्हण. अशी मी बायबलबाई झाले. आणखी गाणी केली. तापात बडबडणाऱ्या बाईसाठी एक. नवऱ्यानं हात मोडलेल्या बाईसाठी एक. सगळी येशूची, सगळी आमच्या बोलीतली. पादरीसाहेब म्हणायचे, तुझ्या गाण्यात बरं करण्याचं दान आहे. मला दानबिन काही माहीत नाही. बाई मोकळी रडली की तिला भूक लागते, एवढं मला माहीत आहे.

आंधळगावच्या त्या घरची सून, कौतिका, दोन महिने बोलत नव्हती. पहिलंच लेकरू, तिसऱ्या दिवशी गेलेलं. सासूनं सांगितलं होतं, पहिल्या लेकरासाठी रडलं तर दुसरं होत नाही. म्हणून ती रडली नाही. मग जेवेना. मग बोलेना. वैद्य झाला, भगत झाला, लिंबू उतरवून झालं. शेवटी तिला बैलबंडीत घालून दवाखान्यात आणलं. डॉक्टर म्हणाले, शरीराला काही नाही. नर्सबाई म्हणाली, इथं ठेवा, आमची एक बाई गाणी म्हणते, गुण येतो. सासरा म्हणाला, आमची सून इथं सगळ्यांच्यात राहणार नाही. त्या बाईलाच घरी पाठवा.

म्हणून मी तिथं. दोन तास चालून. मागच्या सांदवाडीतून, म्हणजे परसातून आणलेली. कोठ्याची आणि सुनेच्या खोलीची भिंत एक. भिंतीत वीतभर झरोका. माझं गाणं आत चालत होतं. माझं अंग चालत नव्हतं.

मी म्हटलं गाणं. मी उठून यायला पाहिजे होतं. नाही आले. पगार मिशनचा होता, हुकूम पादरीसाहेबांचा होता, आणि खरं सांगायचं तर बापापासून हाडात मुरलेलं होतं की बाहेर बसूनच वाजवायचं असतं.

तीन दिवस आतून काही आवाज नाही. चौथ्या दिवशी झरोक्याच्या गजांवर चार बोटं दिसली. बांगड्या ढिल्या झालेल्या. सहाव्या दिवशी ती रडायला लागली. आधी कुत्र्याचं पिल्लू कुंईकुंई करतं तसं, मग मोठ्यानं. म्हातारी धावत कोठ्यात आली.

"रडवून राहिली तू माह्या सुनेले! बंद कर!"

सासरा मागून आला. "करू दे वं. दोन महिन्यानं तोंड तं उघडलं तिनं."

मी थांबले नाही. त्या दिवशी खंजेरीवर माझी बोटं सोलली.

नवव्या दिवशी गाणं संपलं आणि झरोक्यातून आवाज आला. बारीक, गंज चढलेला.

"बाई, तुमचं बी गेलं का?"

तुमचं. त्या घरात नऊ दिवस मी 'ए' होते, 'मांगीन' होते. तिनं मला 'तुमचं' म्हटलं.

"हो वं," मी म्हणाले. "दीड महिन्याचं होतं."

गजांवर पुन्हा तिची बोटं आली. मग म्हणाली, "मले भूक लागली."

घरात पळापळ झाली. कोणी भात आणला, कोणी नारळ फोडला. देवाला, भगताला, मेलेल्या आजेसासऱ्याला, सगळ्यांना श्रेय गेलं. मी कोठ्यातच उभी. म्हातारी एक जुनं लुगडं घेऊन आली आणि हातभर वरून माझ्या ओंजळीत सोडलं. मग गड्याला म्हणाली, "इथं सडा टाक." मी नऊ दिवस शेणावर बसले होते. त्या शेणावर तिनं शेणाचाच सडा टाकायला लावला. मला हसू आलं. असली माणसं स्वतःला शहाणी समजतात, आणि त्यांच्या हातात गाव असतं.

त्याच दिवशी पादरीसाहेब मला न्यायला म्हणून आले. आले ते पुढच्या दारानं. ओसरीवर त्यांना खुर्ची मिळाली, कपबशीत चहा मिळाला, वर सुपारी. पादरीसाहेब नगरकडून बदलून आलेले. त्यांचे पणजोबा ब्राह्मण होते. हे ते दर तिसऱ्या-चौथ्या उपदेशात सांगायचे, प्रभूसाठी आम्ही काय काय सोडलं ते समजावं म्हणून. सोडलं असेलही. पण ती गोष्ट कपबशीसारखी बरोबर वेळेवर बाहेर निघायची. त्या ओसरीवरही निघाली. सेठ, म्हणजे कौतिकाचा सासरा, मान डोलवत होता. येशूचे दोघेही चाकर, मी आणि ते. एक खुर्चीवर, एक अंगणात उन्हात, हातात जुनं लुगडं घेऊन. त्यांनी माझ्याकडे बघून हात हलवला. "छान काम केलंस," म्हणाले.

परतीच्या वाटेवर ते सायकलवर, मी पायी.

थंडीत मिशनचा वार्षिक मेळावा भरायचा. मंडप, लाऊडस्पीकर, बाहेरगावचे पाहुणे. पादरीसाहेबांनी मला महिनाभर आधी बोलावलं.

"तू साक्ष द्यायचीस. आंधळगावची."

"काय सांगू?"

"त्या बाईच्या अंगात दुष्टात्मा होता. तू प्रभूच्या नावानं गाणं म्हटलंस आणि तो निघून गेला."

"साहेब, दुष्टात्मा नव्हता. तिले रडू देत नव्हते घरचे."

ते हसले. लहान मुलाशी हसतात तसे. "हे बघ, तुला जे दिसलं ते वरवरचं. मी सांगतो ते आतलं. आणि गाण्यात 'मरीयामाय' म्हणू नकोस, ते रोमन कॅथलिक वाटतं. 'मले-तुले' काढून टाक. पाहुणे येणार आहेत."

नऊ दिवस मी तिच्या भिंतीला टेकून बसले होते. आतलं त्यांना दिसलं, ओसरीवर, चहा पिताना.

आता जे सांगते ते सांगायला मला जड जातं. मी मंडपात उभी राहिले आणि त्यांनी शिकवलं तसं बोलले. आंधळगावच्या कौतिकाबाईच्या अंगात दुष्टात्मा होता. मी प्रभूचं नाव घेतलं. तो ओरडत पळाला. 'ओरडत' हे मी माझ्या मनानं घातलं. लोक उभे राहिले, हालेलुया म्हणाले. पहिल्या बाकावरच्या बायका, ज्या मला कधी नमस्कार करत नव्हत्या, त्यांनी पदर डोळ्याला लावला. जेवणाला मला पहिल्या पंगतीला बसवलं. बाजूला पादरीणबाई. तिनं स्वतः मला पुरी वाढली.

मला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू? जन्मात पहिल्यांदा आतल्या पंगतीत बसले होते. त्या पंगतीसाठी मी एका आजारी बाईला भुताची बाई करून टाकलं, आणि वर तिसरी पुरी मागून घेतली. सेठच्या म्हातारीचा मला राग आहे, पादरीसाहेबांची मला किळस आहे. पण त्या दिवशीच्या माझ्या तोंडाबद्दल जे वाटतं त्याला माझ्याकडे शब्द नाही.

पुढे मिशनच्या मासिकात ती साक्ष छापून आली. पादरीसाहेबांनी लिहिलेली. गावाचं नाव होतं. सेठचं नाव होतं. कौतिकाचं नाव होतं, पूर्ण, सासऱ्याच्या आडनावासकट. माझ्याबद्दल 'आमची एक सेविका' एवढंच. कौतिका हे नाव मी इथं बदलून घेतलं आहे. तिचं खरं नाव छापून झालेलं आहे, पुन्हा छापायची गरज नाही.

पादरीसाहेबांनी मासिकाचा एक अंक सेठला नेऊन दिला. अभिमानानं.

उन्हाळा लागला तेव्हा सेठचा गडी दवाखान्यात आला. म्हणाला, बहूचं पुन्हा तसंच झालं, त्या गाणेवालीला पाठवा. मी खंजेरी घेतली आणि निघाले. वाटेत मोहाची फुलं पडली होती, बाया टोपल्या घेऊन वेचत होत्या. त्यातली एक ओळखीची होती. तिनं विचारलं, "त्या भूतवालीकडं जाऊन राहिली का वं?"

मी जागेवर थांबले. "कोन भूतवाली?"

"सेठची सून. तुमच्याच पुस्तकात लिहलं म्हनतेत. सेठच्या बैठकीत वाचून दाखवलं सगळ्याइले. आता तिले कोनी हळदीकुंकवाले बलावत नाही. नवरा बी खोलीत जात नाही. दुसरी पाहून राहिले त्याच्यासाठी."

त्या वाटेवर मला सगळं एकदम कळलं असं नाही. पाय चालत राहिले, आणि प्रत्येक पावलाला थोडं थोडं कळत गेलं. तिला पुन्हा मुकं कोणी केलं, ते कळलं. लेकरू गेल्याचं दुःख तिनं रडून काढलं होतं. हे दुसरं आम्ही दिलेलं होतं. पादरीसाहेबांनी लिहून आणि मी बोलून.

मी सांदवाडीकडे वळले नाही. पुढच्या दारात जाऊन उभी राहिले. म्हातारी ओसरीवर डाळ पाखडत होती. सूप तिच्या हातातच राहिलं.

"इकडून कुठं? मागून ये."

"मागून नाही येत आता," मी म्हणाले. "मले आत घ्या. कौतिकाजवळ बसवा."

"का म्हंतं?"

"तिच्या खोलीत बसीन. तिच्या समोर. मंग गाईन."

"मांगीन माह्या माजघरात?" ती हसली. खरंच हसू आलं तिला. "कोठ्यात बसून बरी केली ना मागं? मंग?"

"तवा बरी केली. आता मले तिची माफी मांगायची हाये. भूत नव्हतं तिच्या अंगात. तुमी तिले रडू देल्लं नाही, एवढंच होतं."

म्हातारीनं सूप खाली ठेवलं. "सभेत तं तूच बोल्ली भूत होतं म्हनून. तुह्याच पादऱ्यानं छापलं. आता पलटते?"

"मी खोटी बोल्ली."

हे मी मोठ्यानं बोलले. समोरच्या घरातली माणसं बाहेर आली होती. सेठ आतून आला. मी पुन्हा म्हटलं, "मी खोटी बोल्ली. पादरी खोटा बोल्ला. भूत नव्हतं."

सेठला माझ्या बोलण्याचं काही नव्हतं. मी त्याच्या दाराच्या कोणत्या पायरीवर उभी आहे, तिकडे त्याचे डोळे होते. "खाली उतर," तो म्हणाला. "कोठ्यात जाऊन म्हनत असशीन तं म्हन. नाही तं चालती हो."

हा क्षण मी पुष्कळ वेळा पुन्हा बघितला आहे. कोठ्यात गेले असते तर कदाचित तिला बरं वाटलं असतं. कदाचित. आणि बरं वाटल्यावर तेच झालं असतं. लुगडं, सडा, ओसरीवर चहा, मासिकात आणखी एक पान. ज्या घरात ती मुकी झाली त्याच घराला मी तिला दुरुस्त करून परत दिलं असतं. बैलाला नाल ठोकून देतात तसं.

"कोठ्यात नाही म्हनत," मी म्हणाले.

मग मी झरोका ज्या बाजूला होता तिकडे तोंड केलं आणि ओरडले. "कौतिका! भूत नव्हतं वं! मी खोटी बोल्ली!"

गड्यानं मला दंडाला धरून रस्त्यावर आणलं.

मी दवाखान्यात पोचायच्या आधी सेठचा माणूस सायकलवर पोचला होता. पादरीसाहेबांनी मला ऑफिसात उभं केलं.

"तू त्यांच्या दारात तमाशा केलास. एवढं मोठं घर आपल्याकडे वळत होतं."

"घर वळत नव्हतं साहेब. घरानं मले शेणात बसवलं."

तेव्हा ते जे बोलले ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. हात जोडून, डोळे अर्धे मिटून म्हणाले, "अगं, आपला प्रभू गोठ्यातच जन्मला. तुला गोठ्याची लाज कसली?"

पणजोबांपासून कपबशीपर्यंत सगळे पादरीसाहेब मला एका वाक्यात दिसले. इतकी वर्षं ही गोष्ट मीच वॉर्डावॉर्डात सांगत होते. मरीया आणि योसेफ, दारोदार फिरले, जागा मिळाली नाही. सांगत होते, आणि मला ऐकू आली नव्हती.

"त्याच्या मायले घरात घेतलं नाही म्हनून तो कोठ्यात जन्मला," मी म्हणाले. "ते देवाची मर्जी नव्हती साहेब. घरवाल्याची होती. तुमी त्या घरवाल्यासंगं चहा पेऊन राहिले."

त्यांचा चेहरा लाल झाला. "माफी माग, नाहीतर उद्यापासून येऊ नकोस."

मी छत्री टेबलावर ठेवली. पिशवी ठेवली. पुस्तक ठेवत होते, मग ठेवलं नाही. ते मी वाचलेलं होतं. त्यांनी ते नुसतं पाठ केलं होतं.

पावसाळा लागल्यावर कळलं की कौतिकाला माहेरी आणून सोडलं. माहेर आसगाव. मी धानाच्या रोवण्याची मजुरी करत होते तेव्हा. एक दिवस काम बुडवून एसटीनं भंडारा, तिथून पवनी, तिथून आसगाव गाठलं. बांध्यांमध्ये पाणी भरलं होतं. घर साधं होतं, कुडाच्या भिंती, दारात पऱ्ह्यांच्या, म्हणजे धानाच्या रोपांच्या, जुड्या. तिची माय बाहेर आली. मी कोण ते सांगितलं. जात सांगितली. त्या बाईनं जातीचं काही विचारलंच नाही. ती आत गेली, परत आली, आणि दारात उभी राहून म्हणाली, "ते नाही भेटत म्हनते, बाई."

"मी माफी मांगाले आली. दोन शब्द बोलीन फक्त."

माय पुन्हा वळली. तेवढ्यात आतून आवाज आला. स्वच्छ, पूर्ण आवाज. बरी झालेल्या माणसाचा.

"माय, तिले सांग, माह्यावर आता गानं नोको करू म्हना. सांगू बी नोको म्हना कुठं."

बस. एवढंच. ती बोलत होती. माझ्या गाण्याशिवाय बोलत होती. मी त्या दारातून बाहेरच्या बाहेर परत फिरले. आंधळगावच्या दारात मला अडवलं ते अन्यायानं. आसगावच्या दारात अडवलं ते बरोबर होतं. दोन्ही दारांतला फरक मला कळतो.

तिच्यावर मी गाणं केलं नाही. करणार नाही. हे जे सांगते आहे ते गाणं नाही, ही फिर्याद आहे, आणि आरोपींत माझं नाव पहिलं आहे. तिनं सांगू नको म्हटलं होतं, तेही मी आज मोडते आहे. तिचं नाव लपवून मोडते आहे, पण मोडते आहेच. याचा दोष माझ्याकडे.

मी गाणं सोडलेलं नाही. सोडीन असं पुष्कळांना वाटलं. बोलावणी येतात, करडीकडून येतात, मोहाडीकडून येतात. कुणाची सून, कुणाची सासूसुद्धा. मी आधी एकच विचारते, बसवाल कुठं? आजाऱ्याच्या खाटेजवळ, त्याच चटईवर बसवत असतील तर जाते. त्यांच्याच गडव्यानं पाणी पिते. मग खंजेरी काढते. नाहीतर दारातूनच परत. एका मोठ्या घरानं म्हटलं, ओसरीपर्यंत चालेल. मी म्हटलं, मले नाही चालत. त्यांची पोरगी आत कण्हत होती, ऐकू येत होती. तरी परत आले. ते पाप कोणाचं ते त्या घरानं ठरवावं, मी माझं ठरवलेलं आहे.

मधे नव्या पादऱ्याचा निरोप आला. आता कॅसेटी निघतात म्हणे. नागपूरला नेतो, तुझी गाणी भरून घेऊ, प्रत्येक गाण्याच्या आधी साक्ष सांग, कोण कशानं बरं झालं ते. माणूस बरा वाटला. जुन्यासारखा गुळगुळीत नव्हता. मी त्याला चहा दिला, तो त्यानं प्याला. मग सांगितलं, गाणी घे. आमच्याच बोलीत घे, 'मरीयामाय' सकट घे, एक अक्षर बदलू नको. साक्ष मिळणार नाही. कोण रडलं, कोणाच्या घरात, कशासाठी, ते माझ्या तोंडून निघणार नाही. देवळात नाही, मंडपात नाही, कॅसेटीत नाही.

तो म्हणाला, साक्षीशिवाय लोक कसे विश्वास ठेवतील?

मी म्हणाले, नोको ठेवू दे.